कुलाबा ते मढ: बेस्टच्या बसमधून एक पूर्ण दिवस

ज्यांना बसमध्ये बसणं हेच मुळात आवडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बस कुठे पोहोचवते याच्याइतकंच ती कोणत्या वळणाने जाते, कोणत्या आगाराची आहे, इंजिन कोणतं आहे, याची उत्सुकता वाटणारी माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांनी आपला रोजचा मार्ग सोडून दुसरा कधी टोकापर्यंत पाहिलेला नसतो. एक सुट्टी काढा आणि खाली सांगितल्याप्रमाणे दिवस आखा.

माझा नियम एकच आहे: ज्या मार्गावर बसायचं, तो पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत करायचा. मधूनच चढून मधूनच उतरलात तर प्रवास होतो, मार्ग कळत नाही. पहिल्या थांब्यावर चढलं की मनाजोगती खिडकी मिळते, गाडी सुटण्याआधीची लगबग दिसते आणि बस हळूहळू भरत जाताना कोणत्या वस्तीतली माणसं कुठे उतरतात, तेही समजतं. पुढची सगळी आखणी याच नियमावर उभी आहे.

दिवस आणि दिशा

रविवारी रस्ते मोकळे मिळतात, पण फेऱ्या कमी होतात आणि फोर्ट-नरिमन पॉइंटकडचे ऑफिसवाल्यांचे काही मार्ग ओस पडतात. मी कामाचा दिवस निवडतो. गर्दीची भीती वाटत असेल तर दिशेचा विचार करा. सकाळी मुंबईचा लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो. तुम्ही दक्षिणेच्या टोकाला सुरुवात करून उत्तरेकडे निघालात, तर गर्दीच्या वेळेतही बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून सुरुवात कुलाब्याला आणि शेवट मालाडला.

पावसाळा टाळलेला बरा. पाणी तुंबलं की बस दुसऱ्या रस्त्याने वळवतात आणि टोकापासून टोकापर्यंतचा बेत फसतो. शिवाय या दिवसात एक होडीही आहे, तीही खराब हवेत बंद राहू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले.

आदल्या रात्रीची तयारी

फोनवर चलो अ‍ॅप घ्या. बेस्टच्या गाड्या आत्ता कुठे आहेत ते त्यात नकाशावर दिसतं आणि तिकीट, पासही तिथेच निघतात. ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० रुपये आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झालं. त्याआधी २०१९ पासून ते ५ आणि ६ रुपये होतं. अशा दिवसासाठी सुटी तिकिटं काढत बसू नका, ७५ रुपयांचा दैनिक पास घ्या. लांब पल्ल्याच्या दोन-तीन फेऱ्यांत तो वसूल होतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे एखादी बस आवडली नाही तर उतरून मागची पकडायला मन कचरत नाही. पास फोनमध्ये असेल तर पॉवर बँक बरोबर हवीच. कंडक्टर समोर उभा आणि फोन बंद, अशी वेळ येऊ देऊ नका.

बेस्टच्या मार्गांत अलीकडच्या वर्षांत बरीच काटछाट आणि फेरफार झाले आहेत. म्हणून मी सांगितलेले क्रमांक आदल्या रात्री एकदा आणि निघताना पुन्हा एकदा अ‍ॅपवर पाहा. एखादी जोडणी तुटलेली दिसली तर त्याच दोन टोकांच्या मधला दुसरा मार्ग शोधा.

त्यासाठी क्रमांकांची रचना माहीत असावी. १ ते १९९ हे मुळात शहरातून सुटणारे मार्ग. २०० च्या घरातले पश्चिम उपनगरांतले, ३०० चे पूर्व उपनगरांतले, ४०० चे पूर्व-पश्चिम जोडणारे, ५०० चे नवी मुंबईकडे जाणारे, ६०० चे छोटे, स्टेशनला वस्त्या जोडणारे आणि ७०० चे मीरा-भाईंदर, ठाण्याच्या बाजूचे. क्रमांकाआधी ‘ए’ असेल तर गाडी वातानुकूलित. ‘मर्यादित’ म्हणजे लिमिटेड, मोजक्या थांब्यांवर थांबणारी. एवढं डोक्यात असलं की अनोळखी थांब्यावर उभं राहूनही समोरून येणारी बस साधारण कुठली, याचा अंदाज बांधता येतो.

पाण्याची बाटली, टोपी, थोडे सुटे पैसे, एक छोटी वही आणि पेन एवढंच सामान घ्या. पाठीवर मोठी सॅक घेऊन मिडी, म्हणजे मध्यम लांबीच्या बसमध्ये चढू नका. मधली वाट अरुंद असते आणि लोकांना त्रास होतो.

पहिली बस: १२३, आर. सी. चर्चहून

सकाळी सातच्या सुमारास आर. सी. चर्चच्या थांब्यावर पोहोचा. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून कुलाब्याच्या टोकाकडे जाणाऱ्या बस मिळतात. हा भाग नौदलाच्या वस्तीला लागून आहे, तेव्हा इथे कॅमेरा इकडेतिकडे रोखू नका. बसचा फोटो हवाच असेल तर फक्त बसचा, तोही विचारून.

सुरुवात इथूनच करण्याला एक कारण आहे. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी याच भागातल्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. त्याआधी या शहरात ट्राम होती. ९ मे १८७४ ला घोड्यांची सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी करून थांबली. दादर टीटी हे नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यातला दुसरा ‘टी’ टर्मिनसचा आणि पहिला ट्रामचाच. बसला २०२६ मध्ये शंभर वर्षं होतात आणि तिच्या पहिल्यावहिल्या रस्त्याचा काही भाग तुम्ही दिवसाच्या पहिल्याच फेरीत पार करता.

१२३ ही आर. सी. चर्च ते ताडदेवच्या वसंतराव नाईक चौकापर्यंत जाते. मुंबईतला सर्वांत देखणा बसमार्ग कोणता, यावर वाद घालायला मी कधीही तयार असतो आणि माझं मत याच मार्गाला. कुलाब्याची जुनी बाजारपेठ, इलेक्ट्रिक हाऊस, रिगल, चर्चगेट आणि मग मरीन ड्राइव्ह. इथे बसण्याची जागा महत्त्वाची. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि आपली बसही समुद्राकडच्या बाजूनेच जाते, म्हणून डावीकडची खिडकी धरा. बऱ्याच बसमध्ये डावीकडच्या पुढच्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, त्यामुळे पुरुषांनी आधीच मागची डावी खिडकी गाठावी. बाराएक मीटरच्या नव्या खालच्या फरशीच्या गाड्यांत मागचा भाग पायऱ्यांनी उंच केलेला असतो. तिथून कठड्यापलीकडचं पाणी छान दिसतं.

पूर्वी या मार्गावर डबल डेकर धावायची. वरच्या मजल्यावरची पहिली रांग, समोरची उघडी खिडकी आणि चौपाटीकडे वळताना अंगावर येणारा वारा ज्यांनी अनुभवला, त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मुंबईत डबल डेकर १९३७ मध्ये आली. जुन्या, बिगर-वातानुकूलित डबल डेकरने १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्विच कंपनीच्या विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकर रस्त्यावर आल्या होत्या. त्या शांत आहेत, आरामशीर आहेत, पण काचा उघडत नाहीत आणि मला तो वारा फार हवा असतो. तरी त्यांत जरूर बसा. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह ११५, सीएसएमटी ते बॅकबे आगार १३८ आणि वांद्रे-कुर्ला ३१० या मार्गांवर त्या धावल्या आहेत. ११५ ची फेरी छोटी आहे, वेळ असेल तर आर. सी. चर्चला जाण्याआधी सीएसएमटीहून एकदा करून घेता येईल.

बसमध्ये काय पाहायचं

आधी फलक. समोरचा क्रमांक आणि ठिकाण मराठीत, बाजूचं इंग्रजीत, ही बेस्टची जुनी पद्धत. मग गाडी. टाटाची नऊ मीटरची विजेवरची, ओलेक्ट्राची बारा मीटरची, स्विचची डबल डेकर आणि सीएनजीवरच्या गाड्या, या प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो. विजेची बस सुटताना फक्त एक बारीक, चढत जाणारा सूर येतो. चालकाने वेग देणं सोडलं की ब्रेक न दाबताही ती कोणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते. त्या वेळी मोटर उलट जनित्राचं काम करते आणि बॅटरीत वीज परत भरते. दोन-तीन सिग्नल डोळे मिटून बसा, हा फरक पाठीला कळतो. सीएनजीची गाडी उभी असतानाही सगळ्या खिडक्यांना थरथर देत राहते.

मग कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ही डबल बेल ऐकल्याशिवाय गाडी हलत नाही, हा लहानपणापासून कानात बसलेला नियम. आता तिकीट छोट्या यंत्रातून निघतं. आधी पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या असायच्या आणि कंडक्टर पंचिंगचा चिमटा दांड्यावर टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचा. निम्म्या लोकांना त्या आवाजानेच सुट्टे पैसे काढायची आठवण व्हायची.

वहीत प्रत्येक फेरीचं टिपण ठेवा: मार्ग, दिशा, गाडीचा नोंदणी क्रमांक, बनावट, आगार, सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ, कुठे जास्त वेळ अडकली. चार महिन्यांनी हीच वही सर्वांत मोलाची ठरते. एखादा मार्ग बंद झाला किंवा त्याचं वळण बदललं तर तो आधी कसा होता, हे तुमच्याकडे लिहिलेलं असतं.

दुसरी बस: ५६, वरळी आगारातून

वसंतराव नाईक चौकात उतरलं की हाजीअलीच्या बाजूने वरळीकडे जाणारी बस पकडून वरळी आगार गाठा. हा छोटा टप्पा नियमात बसत नाही, पण दोन मार्ग जोडायला तो लागतोच. आगाराच्या आसपास चहा-नाश्ता उरकून घ्या आणि स्वच्छतागृहाला जाऊन या. पुढची फेरी लांब आहे.

५६ वरळी आगारातून वर्सोव्याच्या यारी रोडपर्यंत जाते. शहरातून सुटून थेट पश्चिम उपनगराच्या टोकाला नेणारे असे मार्ग आता मोजकेच उरले आहेत, म्हणून ही फेरी चुकवू नका. रहदारीप्रमाणे दीड ते दोन तास धरून चाला. माहीम कॉजवे आला की लक्ष द्या. हा रस्ता १८४० च्या दशकात लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून बांधला गेला. त्याआधी माहीम बेटावरून पलीकडच्या वांद्र्याला जायला होडीच लागायची. कॉजवे ओलांडताना मुंबई शहर जिल्हा संपतो आणि उपनगर जिल्हा सुरू होतो. इमारती, दुकानांच्या पाट्या, रस्त्याची रुंदी, सगळं वेगळं वाटू लागतं. वांद्र्यापुढे रिक्षाही दिसू लागतात, शहराच्या हद्दीत त्यांना परवानगी नाही.

या लांब फेरीत दोन गोष्टी कामाला येतात.

एक, बस उशिरा आली आणि तिच्या मागोमाग त्याच क्रमांकाची दुसरी दिसली, तर पहिली सोडा. असं का होतं ते सोपं आहे. पुढची बस जरा रखडली की पुढच्या थांब्यांवर माणसं साठतात, ती चढेपर्यंत ती आणखी रखडते. मागच्या बसला घ्यायला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती रिकामी आणि वेगात येऊन पहिलीला गाठते. बसायला जागा त्या दुसरीतच मिळते.

दोन, उशीर झालेली गाडी कधीकधी अर्ध्यावरून परत फिरवतात. फलकावर शेवटचं ठिकाण नीट वाचा आणि चढताना एकदा विचारा, “मास्तर, शेवटपर्यंत जाणार ना?” हा प्रश्न कंडक्टरला खटकत नाही, उलट बहुतेकदा त्यातून बोलणं सुरू होतं. तुम्ही मार्ग पाहायलाच निघाला आहात असं सांगितलंत तर कोणत्या चौकात बस हमखास अडकते, पूर्वी ही गाडी कुठून वळायची, असं बरंच काही ऐकायला मिळतं. पण बोलायचं ते गाडी मोकळी असताना. चालकाशी तर गाडी चालू असताना अजिबात नाही.

मधली होडी

यारी रोडला उतरून वर्सोवा गावातल्या जेट्टीपर्यंत चालत जा किंवा रिक्षा करा. तिथून मढला जाणारी फेरीबोट मिळते. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात आणि माणसांबरोबर दुचाक्याही त्याच होडीतून जातात. तिचे पैसे वेगळे, बसचा पास इथे चालत नाही, म्हणून सुटे पैसे जवळ असलेले बरे. रस्त्याने मढहून वर्सोव्याला यायचं तर मालाडचा भलामोठा वळसा पडतो. त्यामुळे ही होडी इथल्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचीच आहे. त्यांना घाई असते, उतरताना वाट अडवून फोटो काढू नका.

बसच्या दिवसात होडी कशाला, असं काही जण विचारतात. आल्या वाटेने परत न जाता पुढच्या मार्गाच्या पहिल्या थांब्यावर थेट उतरवणारी याच्याइतकी नेमकी जोडणी मला मुंबईत दुसरी ठाऊक नाही.

तिसरी बस: २७१, मढ जेट्टीहून

माझ्या दृष्टीने हा दिवसाचा कळस. २७१ मढ जेट्टी ते मालाड स्टेशन पश्चिम अशी धावते. दुपारी तीन-चारच्या सुमारास इथे पोहोचलात तर ऊनही उतरू लागलेलं असतं आणि संध्याकाळच्या गर्दीआधी मालाड गाठता येतं.

बस वळून उभी राहते तेव्हा चढण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभे राहा. जागा बेताची, दुचाक्यांची ये-जा, माशांच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी आणि त्यातून गाडी मागेपुढे करत चालक ती तोंड फिरवून लावतो. मोठ्या आगारात हे कसब दिसत नाही. तिथे जागा भरपूर असते.

सुरुवातीचा रस्ता अरुंद आहे. कोळीवाड्यातली घरं खिडकीच्या इतकी जवळून जातात की ओट्यावर निवडत ठेवलेली कोळंबी दिसते. समोरून टेम्पो आला की एकाने थांबायचं, हे चालक हात आणि दिव्यांच्या खुणांनी ठरवतात. पावसाळा संपल्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. वास येतोच, पण काच बंद नसेल तर आणखी येतो, याची तयारी ठेवा. पुढे एरंगळ, अक्सा, मग तिवरांचा पट्टा आणि मग एकदम मालवणीची दाट वस्ती. मालवणीत बस भरून जाते. तासाभरापूर्वी रिकाम्या जेट्टीवर उभी असलेली हीच गाडी मार्वे रोडवर दारापर्यंत भरलेली असते. या एका फेरीत खाडीपासून गजबजलेल्या स्टेशनपर्यंत मुंबई जितकी पालटते, तितकी ती मी दुसऱ्या कुठल्या उपनगरी मार्गावर पाहिलेली नाही. इथे उजवी-डावी असा आग्रह नाही. समुद्र डावीकडे असला तरी तो घरांआड आणि झाडांआड राहतो. मला पुढून समोरची काच दिसणारी जागा आवडते. गाडी भरू लागली की मात्र गरजवंताला जागा द्या. आपण हौसेने निघालो आहोत, बाकीचे कामावरून परतत असतात.

मालाडला उतरलात की लोकलने घरी. त्याच रात्री वहीतल्या वेळा नीट लिहून काढा, दुसऱ्या दिवशी थांब्यांचा क्रम आठवत नाही.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर

पूर्वेकडचा दिवस वेगळा आखा. सुरुवात वडाळ्याजवळच्या अणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयाने करा. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं आणि यंत्रं तिथे मांडलेली आहेत. ते आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. आगार म्हणजे कामाची जागा, तिथल्या गाड्यांचे फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्या. मग वांद्रे पूर्वेहून ३१० ने बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, कुर्ला पश्चिम. दुपारी दोन ते चारच्या मधे गेलात तर ठीक, ऑफिस सुटायच्या वेळी या बसला पाय ठेवायला जागा नसते. कुर्ल्याहून लगेच ३३२ मिळते. ती साकीनाका, मरोळवरून अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकात नेते. अंधेरी-कुर्ला रस्ता देखणा मुळीच नाही. पण मुंबईतला कामगार आणि कारकून रोज कसा प्रवास करतो ते पाहायचं असेल तर याच रस्त्यावर बसा. साडेचारच्या आत आगरकर चौकात उतरायला हवं, नाहीतर साकीनाक्याला तासभर धरून ठेवा.